सॉफ्टबॉल संघटनेत संघ आणि खेळाडूंची नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि नियमबदल

नवा हंगाम जवळ आला की प्रादेशिक हौशी सॉफ्टबॉल संघटना दोन कागद काढते. एक नोंदणीचा अर्ज आणि दुसरं त्या हंगामातल्या नियमबदलांचं परिपत्रक. बहुतेक संघ अर्ज आधी भरतात आणि परिपत्रक स्पर्धा तोंडावर आल्यावर उघडतात. माझा आग्रह आहे की परिपत्रक आधी वाचा. वयोगटाची तारीख, संघयादी कधी गोठणार, कुठली बॅट चालणार, कुठल्या औषधासाठी वेगळी परवानगी लागणार, हे सगळं त्यातच असतं. अर्जाच्या शेवटी ‘मला नियम मान्य आहेत’ या ओळीखाली आपण सही करतो ती त्याच परिपत्रकावर.

कुठलं पुस्तक लागू आहे?

संघटनेकडे नियमांची दोन पुस्तकं असतात आणि त्यांची गल्लत फार होते. पहिलं खेळाच्या नियमांचं: पिचिंगचं म्हणजे चेंडू टाकण्याचं अंतर, चेंडूचा आकार, बदली खेळाडू, बाद होण्याचे प्रकार. हे पुस्तक संघटना सहसा स्वतः लिहीत नाही. ती वरच्या संघटनेचं किंवा जागतिक संघटनेचं, म्हणजे डब्ल्यूबीएससीचं पुस्तक स्वीकारते. डब्ल्यूबीएससी ही संघटना २०१३ मध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या जागतिक संघटना एकत्र येऊन झाली. तिचे नियम काही वर्षांच्या आवृत्तीने निघतात. फास्टपिचची, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या प्रकाराची, एक आवृत्ती २०२२ ते २०२५ अशी होती. दुसरं पुस्तक स्पर्धेच्या नियमांचं: कोण खेळू शकतो, संघयादीत किती नावं, आक्षेप कसा घ्यायचा, कागद कधीपर्यंत द्यायचे. हे मात्र प्रादेशिक संघटनेचं स्वतःचं असतं आणि दरवर्षी बदलू शकतं.

पात्रतेचा प्रश्न नेहमी दुसऱ्या पुस्तकात शोधा. शेजारच्या प्रदेशातल्या मित्राने ‘आमच्याकडे चालतं’ म्हटलं तरी आपल्याकडे चालेलच असं नाही. परिपत्रकाच्या पहिल्या पानावर ‘कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेपासून’ असं लिहिलेलं असतं. ते पान छापून संघाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

वयाची अट: एका तारखेवर सगळं अवलंबून

नोंदणी फेटाळली जाते ती सगळ्यात जास्त इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

वयोगटाची अट दोन तुकड्यांत असते: वयाचा आकडा आणि ते वय कोणत्या तारखेला मोजायचं ती तारीख. समजा नियम असा आहे: ‘१ जानेवारी २०२६ रोजी १६ वर्षांखालील’. २ जानेवारी २०१० ला जन्मलेली मुलगी त्या दिवशी १५ वर्षांची असते, म्हणजे ती पात्र. दुसऱ्याच दिवशी तिला सोळावं पूर्ण होतं, तरी तो पूर्ण हंगाम ती खेळू शकते. आता तारीख बदलून ‘३१ डिसेंबर २०२६ रोजी’ केली, तर तीच मुलगी अपात्र ठरते. आकडा तोच, मुलगी तीच, फक्त तारीख सरकली. म्हणूनच परिपत्रकात वयोगणनेची तारीख बदलली असेल तर संघातल्या प्रत्येक खेळाडूचं वय नव्याने मोजा. गेल्या वर्षीची यादी पुढे ढकलू नका.

दुसरी मेख ‘१६ वर्षांखालील’ आणि ‘१६ वर्षे व त्याखालील’ यांत आहे. पहिल्यात सोळा पूर्ण झालेली खेळाडू बसत नाही, दुसऱ्यात बसते. काही संघटना ‘सोळा यू’ असं लिहितात आणि त्यांना ‘सोळा व त्याखालील’ अभिप्रेत असतं. शंका असेल तर तोंडी विचारून थांबू नका, लेखी उत्तर घ्या.

वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला मागतात. त्यावर दोन तारखा असतात: जन्माची आणि नोंदणीची. छाननी समिती दुसरी तारीखही पाहते. जन्मानंतर लगेच नोंदलेला दाखला सहज स्वीकारला जातो. कित्येक वर्षांनी, नेमका खेळायला लागल्यावर नोंदलेला असेल, तर सोबत शाळेत प्रवेश घेतानाची नोंद किंवा पासपोर्ट जोडावा लागतो. तरीही संशय राहिला तर काही संघटना डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात. ही तपासणी अंदाज देते, नेमकी जन्मतारीख नाही. त्यामुळे निकाल विरुद्ध गेला तर अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे पालकांनी आधीच विचारून ठेवावं. मुलाला एक्स-रेच्या रांगेत उभं करण्याआधी त्याला हे कशासाठी चाललंय ते नीट सांगणं मला फार गरजेचं वाटतं.

खेळाडूची फाइल

प्रत्येक खेळाडूची वेगळी फाइल करा. त्यात साधारण एवढं लागतं: भरलेला आणि सही केलेला नोंदणी अर्ज, जन्मदाखल्याची प्रत, फोटो असलेलं ओळखपत्र, अलीकडचा फोटो, रहिवासाचा किंवा शाळा-कॉलेजचा पुरावा, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, विम्याचा तपशील आणि खेळाडू सज्ञान नसेल तर पालकांचं संमतीपत्र. मूळ कागद कार्यालयात जमा करू नका. फक्त पडताळणीला दाखवा आणि परत घ्या.

नावाचं स्पेलिंग, मधलं नाव आणि आडनाव सगळ्या कागदांवर अक्षरशः एकसारखं हवं. एका ठिकाणी वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे गाळलेलं, तिसरीकडे आडनाव आधी, असं झालं की संगणकावर ती तीन वेगळी माणसं दिसतात. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललं असेल तर बदलाचा पुरावा जोडा आणि जुना नोंदणी क्रमांक अर्जात लिहा. नवा क्रमांक घेतला तर खेळाडूची जुनी प्रमाणपत्रं वेगळ्याच माणसाची ठरतात आणि पुढे ती जुळवायला फार यातायात पडते.

संमतीपत्र वाचूनच सही करा. त्यात उपचारांची परवानगी, फोटो वापरण्याची परवानगी आणि प्रवासाची परवानगी अशी वेगवेगळी कलमं असतात. फोटोच्या कलमाला नकार दिला म्हणून खेळायला मनाई होते का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. डोक्याला मार लागल्यासंबंधीचं कलमही बघा. अशी शंका आली की खेळाडूला त्याच दिवशी परत मैदानात उतरवायचं नाही आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढेही नाही, ही पद्धत आता सगळीकडे मानली जाते. तुमच्या संघटनेच्या अर्जात ती नसेल तर मागणी करा.

संघ बदलताना

एका वयोगटात एका हंगामात एकच संघ, हा बहुतेक ठिकाणचा नियम. संघ बदलायचा तर आधीच्या संघाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि बदलीची मुदत ठरलेली असते. जुन्या संघाने ते अडवून धरलं तर अर्जाची पोच असलेली प्रत घेऊन थेट संघटनेच्या सचिवांकडे जा. ठरावीक दिवसांत उत्तर नाही आलं तर काय होतं, हे बहुतेक नियमावल्यांत लिहिलेलं असतं. पाहुणा खेळाडू घेण्याची सोय असेल तर त्याचा अर्ज वेगळा असतो. गोड बोलून ‘फक्त एका सामन्यासाठी’ उतरवलेला, यादीत नसलेला खेळाडू पूर्ण संघाला बाद करू शकतो.

औषधांची परवानगी

हौशी खेळात हा भाग कोणी वाचत नाही. पण प्रादेशिक संघटना वरच्या संघटनेशी जोडलेली असेल तर उत्तेजक द्रव्यांचे नियम खालपर्यंत लागू होऊ शकतात. उत्तेजकविरोधी जागतिक संस्था ‘वाडा’ची प्रतिबंधित यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. म्हणजे डिसेंबरात चालणारं औषध जानेवारीत चालेलच असं नाही. ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी याचं ठळक उदाहरण: १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात ती प्रतिबंधित आहे. खांदा दुखतो म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून गोळी आणणाऱ्या पिचरने हे लक्षात ठेवायला हवं.

दम्याच्या खेळाडूंनी घाबरून पंप बंद करू नये. साल्ब्युटामॉल ओढून घ्यायला मर्यादेत मुभा आहे: २४ तासांत जास्तीत जास्त १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. त्याहून जास्त लागत असेल किंवा यादीतलं दुसरं औषध घ्यावंच लागत असेल, तर उपचारासाठी सवलत मिळवण्याचा अर्ज करावा लागतो. त्याला टीयूई म्हणतात. त्यासोबत निदानाचे अहवाल, औषधाचं नाव, मात्रा, किती काळ घ्यायचं आणि पर्यायी औषध का चालत नाही, हे डॉक्टरांच्या सहीने लागतं. स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज गेला पाहिजे. नुसती चिठ्ठी पुरत नाही. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असतं, तेही ठरावीक प्रमाणापुढे स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे. वेष्टनावरचे घटक वाचायची सवय मुलांना लावा.

संघाचा अर्ज आणि साहित्य

संघाच्या अर्जात संघाचं नाव, गट, व्यवस्थापक, प्रशिक्षक, पोशाखाचा रंग आणि खेळाडूंचे क्रमांक येतात. क्रमांक ० ते ९९ मधले हवेत, दोघांचा एकच नको, आणि ३ व ०३ हे एकच धरले जातात. लहान वयोगटाच्या प्रशिक्षकांना ओळख व पूर्वचारित्र्य पडताळणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आता अनेक ठिकाणी सक्तीचं आहे. या प्रमाणपत्राला मुदत असते. हंगामाच्या मध्ये ते संपणार असेल तर आधीच नवं करून घ्या.

बॅटबद्दल परिपत्रकात हमखास काहीतरी बदललेलं असतं. मापं जुनीच आहेत: लांबी जास्तीत जास्त ३४ इंच, व्यास सव्वादोन इंच, वजन ३८ औंस. बदलते ती मान्यतेची यादी. बॅटवर मान्यतेचा शिक्का हवा आणि ती बंदी घातलेल्या मॉडेलांच्या यादीत नसावी, अशा दोन अटी एकत्र लागतात. जुन्या बॅटवर ‘एएसए २००४’ किंवा ‘एएसए २०१३’ असा शिक्का दिसतो, कारण शिक्का देणारी अमेरिकेतली संघटना २०१७ पासून यूएसए सॉफ्टबॉल या नावाने काम करते. तो शिक्का तुमच्याकडे चालतो का ते परिपत्रकातच पाहा. शिक्का घासून पुसट झाला असेल तर अंपायर बॅट बाजूला ठेवायला सांगू शकतो, आणि ते योग्यच आहे. घासून किंवा दाबून फेरफार केलेली बॅट वापरणं तर थेट पिचरच्या जिवाशी खेळ आहे.

अंतरंही तपासा. फास्टपिचमध्ये पिचिंग प्लेट (पिचर उभा राहतो ती पट्टी) ते होम प्लेट (फलंदाजाजवळची पट्टी) महिलांसाठी ४३ फूट, पुरुषांसाठी ४६ फूट. बेसमधलं अंतर ६० फूट. लहान मुलींसाठी १२ वर्षांच्या गटात ४० फूट आणि १० वर्षांच्या गटात ३५ फूट व ११ इंची चेंडू, अशी रचना अनेक ठिकाणी असते. मुलगी वरच्या गटात जाणार असेल तर तिचा सराव नव्या अंतरावर नोंदणीच्या आधीच सुरू झालेला बरा.

छाननी, त्रुटी आणि सामन्याचा दिवस

अर्ज दाखल झाल्यावर पोच घ्या. छाननीत त्रुटी निघाली तर ती दूर करायला मुदत मिळते. ती मुदत आणि संघयादी गोठण्याची तारीख या दोन्ही वेगळ्या असतात. यादी गोठली की नावं आत-बाहेर होत नाहीत, दुखापत झाल्यासच आणि तीही डॉक्टरांच्या कागदावर.

सामन्याच्या दिवशी फाइल मैदानावर हवी. लाइन-अप कार्डावर प्रत्येकाचं पूर्ण नाव, क्रमांक आणि जागा लिहा. डीपी (डेझिग्नेटेड प्लेयर, म्हणजे दुसऱ्याच्या ऐवजी फलंदाजी करणारा ठरवलेला खेळाडू) वापरणार असाल तर कार्डावर दहा नावं येतात: डीपी फलंदाजीच्या क्रमात आणि ज्याच्याऐवजी तो फलंदाजी करतो तो फ्लेक्स दहाव्या जागी. हे सामना सुरू होण्याआधीच जाहीर करावं लागतं, मधूनच डीपी आणता येत नाही. पहिल्या फळीतला खेळाडू बाहेर गेला तर तो एकदाच परत येऊ शकतो, आणि फलंदाजीच्या क्रमातल्या त्याच जागेवर. मोठी आघाडी मिळाल्यावर सामना लवकर संपवण्याचा आकडा संघटनेनुसार बदलतो. डब्ल्यूबीएससीच्या फास्टपिचमध्ये तिसऱ्या इनिंगनंतर १५, चौथ्यानंतर १० आणि पाचव्यानंतर ७ धावा असा तो आहे.

आक्षेपाचंही एक वेळापत्रक असतं. अंपायरच्या नजरेच्या निर्णयावर, म्हणजे सेफ की आउट, स्ट्राइक की बॉल, यावर आक्षेप चालत नाही. नियम चुकीचा लावला असं वाटलं तर पुढचा चेंडू टाकला जाण्याआधी अंपायरला सांगावं लागतं. तो चेंडू पडला की संधी गेली. खेळाडूच्या पात्रतेवर मात्र नंतरही आक्षेप घेता येतो, किती काळ ते स्पर्धेच्या पुस्तकात असतं. समोरच्या संघाने वयावर आक्षेप घेतला तर चिडून वाद घालू नका. व्यवस्थापकाने त्या खेळाडूची फाइल उघडून पोच क्रमांक आणि दाखला आक्षेप समितीसमोर ठेवावा, समितीचा निर्णय लेखी मागावा आणि त्याची प्रत त्याच फाइलमध्ये लावावी, म्हणजे पुढच्या फेरीत तोच आक्षेप पुन्हा आला तर उत्तर हाताशी असेल.