कुकरच्या शिट्टीला बॅटरी लागत नाही

आता कुकरलाही ॲप आलं. आतला दाब मोबाइलवर दिसतो, डाळ शिजली की निरोप येतो, असं एक जाहिरात सांगते. सेन्सर आणि चिपच्या या फौजेचं बरंचसं काम धातूचा एक लहानसा ठोकळा आपल्या स्वयंपाकघरात कधीपासून करतोय. मुकाट्याने नाही, चांगला बोंबलत.

देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं भांडं मांडलं. ते फुटू नये म्हणून त्याने जी झडप बसवली, ती वजनानेच दाबून धरलेली होती. आजच्या शिट्टीमागची कल्पना तीच.

झाकणावरच्या नळीचं भोक साधारण ३ मिलिमीटर व्यासाचं धरा. त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर. आपल्या कुकरमध्ये बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जास्त दाब हवा असतो. गुणाकार केला की येतात ७० ग्रॅम. म्हणजे एवढं वजन भोकावर ठेवलं, की मोजणारा, निर्णय घेणारा आणि वाफ सोडणारा, तिघंही एकाच तुकड्यात आले. त्यात बिघडायला स्प्रिंगसुद्धा नाही.

पण मग वाफ सतत फुसफुसत का राहत नाही? बंद असताना वाफ फक्त त्या इवल्याशा भोकापुरतीच शिट्टीला ढकलते. शिट्टी किंचित उचलली गेली, की वाफ तिच्या तळाखाली पसरते. क्षेत्रफळ वाढलं, त्यामुळे वर ढकलणारं बलही वाढलं, आणि शिट्टी टुणकन आणखी वर जाते. भसकन वाफ सुटते, आतला दाब उतरतो, पण लगेच झडप मिटत नाही. उघडायला लागला त्यापेक्षा बऱ्याच कमी दाबाला ती परत बसते. उघडण्याच्या आणि मिटण्याच्या दाबातलं हे अंतर भरून निघायला जो वेळ लागतो, तोच दोन शिट्ट्यांमधला वेळ.

म्हणून ‘तीन शिट्ट्या’ हे काही शिजण्याचं माप नव्हे. गॅस मोठा असेल तर तीन शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. पाणी समुद्रसपाटीला या दाबाखाली सुमारे १२० अंशांना उकळतं. पहिल्या शिट्टीनंतर आच कितीही वाढवा, तापमान तिथेच राहणार. वाया जाणार तो गॅस आणि वाफ. आच बारीक करून मिनिटं मोजावीत.

आणखी एक गंमत. शिट्टी आतला एकूण दाब ठरवत नाही, आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक ठरवते. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवेचाच दाब कमी. तिथे उघड्या पातेल्यात पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं आणि कुकरमध्ये जेमतेम ११४ अंश मिळतात. ११४ अंश उघड्या पातेल्यात तर मुंबईतही मिळत नाहीत, पण मुंबईच्या कुकरच्या मानाने लेहला वेळ जास्त द्यावा लागतो.

कुकरमुळे अन्नातलं सगळं सत्त्व मरतं, असे निरोप फिरत असतात. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं हे खरं, पण ते उघड्या पातेल्यातही घटतं, आणि तिथे अन्न जास्त वेळ चुलीवर असतं.

शिट्टीचा खरा शत्रू म्हणजे नळीत अडकलेलं डाळीचं साल. झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का, हे बघायला दोन सेकंद लागतात. ते राहिलंच तर शेजारी सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. अनेक कुकरमध्ये त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. नळी तुंबली तर दाबाबरोबर वाफेचं तापमान चढतं. पाणी आटलं तर दाब न वाढताही तापमान चढतं. संकटं दोन, खूण एकच, म्हणून एक वितळणारा थेंब दोन्हींना पुरतो. तो उडाला की कंपनीचाच नवा बसवावा. तिथे नटबोल्ट आवळून कुकर ‘दुरुस्त’ करणारे महाभाग मी पाहिले आहेत.