निबंधातील आधार व दृष्टांत

निबंधातील विधान वाचकाला पटावे किंवा नीट उमजावे म्हणून लेखक जोडतो ती उदाहरणे, अवतरणे, आकडे, इतिहासातील दाखले व कल्पित कथा. पटवणे आणि उमजवणे ही दोन कार्ये भिन्न आहेत. प्रत्यक्ष लेखनात मात्र ती बहुधा एकाच दाखल्यावर सोपवलेली आढळतात.

या भेदाचा सर्वांत बारकाईचा विचार भारतीय तर्कशास्त्रात झाला. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, सांगितलेल्या सोळा पदार्थांत (विचाराच्या विषयांत) दृष्टांत पाचवा आहे. या सूत्रांचा काळ वादग्रस्त आहे. त्यांचे सध्याचे स्वरूप इ. स. दुसऱ्या शतकाच्या आसपास सिद्ध झाले असावे, असे सामान्यतः मानतात. काही भाग याहून बराच प्राचीन ठरवणारेही अभ्यासक आहेत. ज्या गोष्टीविषयी सामान्य लोक आणि परीक्षक (तर्काने पारखणारे जाणकार) यांची बुद्धी सारखीच चालते तो दृष्टांत, अशी तेथील व्याख्या आहे (१.१.२५). प्रतिज्ञा (सिद्ध करावयाचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण प्रस्तुत ठिकाणी लागू करणे) व निगमन (निष्कर्ष) या युक्तिवादाच्या पाच अवयवांत त्याला तिसरे स्थान मिळते : पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. जेथे अग्नी नाही व धूरही नाही, असे सरोवर हे याचे व्यतिरेकी उदाहरण होय.

यात सिद्धी नेमकी कशामुळे होते, यावर मतभेद आहेत. प्रारंभीच्या नैयायिकांचे (न्यायदर्शनाच्या अनुयायांचे) अनुमान एका ज्ञात वस्तूवरून तिच्यासारख्या दुसऱ्या वस्तूकडे जाणारे होते आणि व्याप्तीचा, म्हणजे हेतू व साध्य (सिद्ध करावयाची गोष्ट) यांच्या नियत साहचर्याचा, काटेकोर विचार बौद्ध तर्कपंडित दिङ्‌नागाच्या सुमारास पक्का झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दिङ्‌नागाने अवयव तीनवर आणले, पण दृष्टांत राखला. त्याच परंपरेतील धर्मकीर्तीने ‘न्यायबिंदू’ या ग्रंथात त्याचे स्वतंत्र अवयवत्वच नाकारले, कारण हेतूचे लक्षण पूर्ण सांगितले की दृष्टांताचे काम त्यातच येते. निबंधकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एकटे स्वयंपाकघर काहीच सिद्ध करीत नाही. त्यामागचा नियम सिद्ध करतो.

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात उदाहरणाचे दोन प्रकार मानले आहेत : घडलेल्या घटना आणि रचलेल्या दृष्टांतकथा. त्याची स्थानविषयक सूचना आजही उपयोगी आहे. उदाहरणे युक्तिवादाच्या आधी घातली, तर ती पुष्कळ लागतात. नंतर आली, तर साक्षीदारासारखी असल्याने एकही पुरते.

संस्कृत अलंकारशास्त्रात सामान्य विधानाचे विशेषाने किंवा विशेषाचे सामान्याने समर्थन करणारा अर्थान्तरन्यास हा या विषयाला सर्वांत जवळचा अलंकार होय. दृष्टांत अलंकारात बिंबप्रतिबिंबभाव, म्हणजे दोन वेगळ्या विधानांत एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे साम्य, असतो. समर्थन तेथे गौण.

मराठी गद्यात महानुभाव पंथाच्या केसोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेला ‘दृष्टांतपाठ’ हे आद्य उदाहरण मानावे लागते. त्यात परंपरेने ११४ दृष्टांत आहेत. सूत्र (सिद्धान्तवचन), दृष्टांत व दार्ष्टान्तिक अशी प्रत्येकाची रचना आहे. सूत्र व दृष्टांत पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे आणि दार्ष्टान्तिक केसोबासांचे, असे बहुधा मानले जाते. कथा सिद्धान्ताला कोठे लागू पडते, हे दार्ष्टान्तिकात सांगितलेले असते. नंतरच्या निबंधकारांनी नेमकी हीच पायरी पुष्कळदा गाळली.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी निबंधाच्या परिचयाने आधारांचे स्वरूप बदलले. लोकहितवादींची ‘प्रभाकर’ पत्रातील शतपत्रे (१८४८–५०) बहुतांशी समकालीन लोकव्यवहारावर उभी आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त (१८७४ पासून) संस्कृत व इंग्रजी अवतरणांची रेलचेल आहे. त्यांतील काही केवळ शोभेची आहेत, हे मान्य करावे लागते. याउलट जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये (१८८३) शेतकऱ्याच्या घरादाराचे बारीकसारीक वर्णनच पुराव्यादाखल मांडले. ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या निबंधात, सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्याच्या निमित्ताने, पुराणांतील आख्याने उलटून वापरली : स्त्रियांना दूषणे देणारे ज्या ग्रंथांचा आधार घेत, त्यांतूनच पुरुषांच्या वर्तनाचे दाखले काढले.