हिवतापाच्या काचपट्टीमागचा इतिहास

थंडी वाजून ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा एक जाड थेंब आणि शेजारी एक पातळ पसरलेला थर घ्यायचा, वाळवायचा, रंगवायचा. मग वर तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून पाहायचं. जाड थेंबातली शंभर क्षेत्रं तपासल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहू नये, असा दंडक आहे. गडचिरोलीतल्या आरोग्य केंद्रापासून औषधांवर संशोधन करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत हे काम साध्या, उजेडावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकावरच चालतं. त्याचं श्रेय आपण सवयीनं भिंगाला देतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त श्रेय रंगाचं आहे.

गंमत अशी, की पट्टीवर जो शोधायचा तो हिवतापाचा परजीवी पहिल्यांदा दिसला तो रंगाशिवाय. अल्जेरियातल्या कॉन्स्टंटीन इथल्या लष्करी रुग्णालयात ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्फोन्स लावेराँ हा फ्रेंच डॉक्टर एका आजारी सैनिकाचं ताजं रक्त पाहत होता. त्याला काळे कण असलेल्या गोल आकृत्या दिसल्या आणि त्यांच्या कडेनं वळवळणारे धागेही. धागे हलले म्हणूनच त्याला हे काहीतरी जिवंत आहे याची खात्री पटली. रोममधल्या मंडळींना मात्र ते पटेना. हिवताप एका जीवाणूमुळे होतो असा दावा तिथे १८७९ मध्येच झाला होता आणि त्या ‘बॅसिलस मलेरिए’वर बऱ्याच जणांचा विश्वास होता.

ते काळे कण नवे नव्हते. हिवतापानं गेलेल्यांच्या प्लीहेत आणि रक्तात ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदले गेले होते. परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन पचवतो, त्यातून उरलेला हा गाळ. पुढच्या शोधातही हाच गाळ उपयोगी पडला.

१८९४ मध्ये लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरनं भारतात नोकरी करणाऱ्या रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला हे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि डासांवर लक्ष ठेवायला सांगितलं. अल्मोड्यात जन्मलेला रॉस भारतात परतला आणि १८९५ पासून डास फाडत बसला. तेही चुकीच्या जातींचे. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत त्यानं ठिपकेदार पंखांचे डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावू दिले. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. रॉसनं स्वतःच लिहून ठेवलंय, की सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामानं गंजले होते आणि उरलेल्या एकमेव आयपीसला तडा गेला होता. उकाड्यातही पंखा ओढून घेता येत नव्हता, कारण त्या वाऱ्यानं फाडलेले डास उडून गेले असते. २० ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला अनोळखी गोल पेशी दिसल्या. त्यांच्यात तेच ओळखीचे काळे कण होते. दुसऱ्या दिवशी उरलेला डास फाडला, तर पेशी आणखी मोठ्या झालेल्या! म्हणजे त्या डासाच्या स्वतःच्या नव्हत्या. आत काहीतरी वाढत होतं. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यानं डासातला प्रवास लाळग्रंथींपर्यंत शोधला. माणसाच्या हिवतापातलं तेच चक्र इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९८ मध्ये दाखवलं.

तडा गेलेल्या आयपीसनं हे जमलं, म्हणजे भिंगं तोवर पुरेशी सुधारली होती. जर्मनीतल्या येनामध्ये एर्न्स्ट आबे या भौतिकशास्त्रज्ञानं १८७३ मध्ये दाखवून दिलं होतं, की उजेडाच्या तरंगलांबीमुळे साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. पट्टी आणि भिंग यांच्यामध्ये तेल घालायची युक्ती १८७८ च्या सुमारास बाजारात आली. तांबड्या पेशीत नुकताच शिरलेला परजीवी, ज्याला आपण ‘रिंग’ म्हणतो, एक-दोन मायक्रॉनचा असतो. म्हणजे मर्यादेच्या बराच वर. अडचण आकाराची नव्हतीच. तो पारदर्शक होता, आणि त्या वयात त्याच्यात काळे कणही नसतात.

इथे रंगारी कामाला आले. बीएएसएफ या जर्मन रंग कंपनीत हाइनरिश कारो यानं १८७६ मध्ये कापडासाठी मिथिलीन ब्लू हा निळा रंग बनवला. इटलीत मार्कियाफावा आणि चेल्ली यांनी त्यानं परजीवी निळा करून पाहिला. जर्मन डॉक्टर पॉल एर्लिश त्याहून पुढे गेला: जो रंग परजीवीला चिकटतो, तो त्याला मारणारही नाही कशावरून? १८९१ मध्ये बर्लिनमध्ये त्यानं आणि गुटमाननं दोन रुग्णांना मिथिलीन ब्लू औषध म्हणून दिला.

त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये रोमानोव्स्की या डॉक्टरनं मिथिलीन ब्लूमध्ये इओसिन हा लाल रंग मिसळला. ताज्या निळ्यानं हवा तो परिणाम येत नव्हता. बाटलीत मुरलेल्या, जुनाट रंगानं आला. परजीवीचं शरीर निळं आणि केंद्रक जांभळट लाल, असे दोन वेगळे रंग. रंग मुरताना त्यात अॅझ्युअर नावाची द्रव्यं तयार होतात, हे नंतर कळलं. पण बुरशी धरण्याची वाट बघत प्रयोगशाळा कशी चालणार? १९०४ मध्ये हॅम्बुर्गच्या गुस्ताव गीम्सा या रसायनशास्त्रज्ञानं अॅझ्युअर थेट वापरून, ग्लिसरीन आणि मिथेनॉलमध्ये टिकणारं द्रावण केलं. आजही तेच चालतं. पाणी थोडं आम्लधर्मी असलं तरी रंग बिघडतो, म्हणून आम्लता स्थिर ठेवणारं ७.२ पीएचचं द्रावण, म्हणजे बफर, लागतं. ते चुकलं की व्हायव्हॅक्स ही परजीवीची जात ओळखायचे, तांबड्या पेशीवरचे शुफनरचे ठिपके नीट दिसत नाहीत.

भारतात दोन नावं जास्त ऐकू येतात. रक्ताच्या रोजच्या तपासणीत लीशमनचा रंग, १९०१ चा. आणि हिवताप कार्यक्रमात जेएसबी: दिल्लीच्या मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामधले जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये केलेला, स्वस्त आणि झटपट. यात मिथिलीन ब्लू मुरायला ठेवत नाहीत, पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्लाबरोबर तापवतात. जाड थेंबाची कल्पना मात्र रॉसची, १९०३ ची: तांबड्या पेशी फोडून टाकल्या की जास्त रक्त एकाच वेळी पाहता येतं.

संशोधनात पट्टीचा उपयोग मुख्यतः मोजणीसाठी. जाड थेंबातल्या दोनशे पांढऱ्या पेशींमागे किती परजीवी दिसले ते मोजायचं आणि एका मायक्रोलिटरमध्ये ८००० पांढऱ्या पेशी धरून हिशोब करायचा. आर्टेमिसिनिन या हिवतापाच्या औषधाला परजीवी दाद देईनासा झाला, हेही आधी अशाच मोजणीतून दिसलं: औषध देऊनही रक्त साफ व्हायला वेळ लागू लागला. १९७६ मध्ये ट्रॅगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपॅरम या जातीचा परजीवी शरीराबाहेर सतत वाढवून दाखवला, तेव्हापासून अशा प्रयोगशाळेत वाढवलेल्या परजीवींची तब्येतही रंगवलेल्या पट्टीवरच पाहिली जाते.

सूक्ष्मदर्शकाला फसवणारा परजीवीही आहे. मलेशियातल्या सारावाकमध्ये माकडांचा नोलेसी हिवताप माणसांना होत होता, पण पट्टीवर त्याचा परजीवी माणसातल्या मलेरिए या दुसऱ्या परजीवी जातीसारखा दिसे आणि तसाच नोंदला जाई. २००४ मध्ये जनुकीय चाचणीनं तो वेगळा काढला. उलटही घडतं. झटपट किट ज्या प्रथिनावरून फॅल्सिपॅरम ओळखतात, त्याचं जनुकच नसलेले परजीवी २०१० मध्ये पेरूमधून नोंदले गेले. अशा रुग्णाची किट निगेटिव्ह येऊ शकते आणि शेजारच्या काचपट्टीवर रिंगा दिसत असतात.