बीप वाजली, पण पोचलं काय?

नवा हँडहेल्ड स्कॅनर खोक्यातून काढला की हातात तीन गोष्टी येतात: पिस्तुलासारखं यंत्र, एक वायर आणि एक पुस्तिका. यंत्राला पडदा नाही, मेनू नाही, ट्रिगर सोडला तर धड बटणही नाही. पुस्तिका उघडावी तर पानोपान नुसते बारकोड. वायर यूएसबीत खोचली, ट्रिगर दाबला, बीप वाजली, पडद्यावर आकडा उमटला, की बहुतेक जण पुस्तिका खोक्यात परत टाकतात आणि खोकं रद्दीत जातं. सहा महिन्यांनी आकड्याच्या जागी भलतंच काही उमटायला लागतं, तेव्हा तिची आठवण होते.

ती पुस्तिका म्हणजे स्कॅनरचा कीबोर्ड आहे. या यंत्राला बाहेरच्या जगातलं एवढंच कळतं: काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. त्याला काही सांगायचं तर तेही पट्ट्यांतूनच सांगावं लागतं. ‘प्रत्येक आकड्यानंतर एंटर पाठव’ असं सांगायचं असेल, तर त्या सूचनेचा बारकोड त्याच्या नजरेसमोर धरायचा. आता प्रश्न असा, की समोरचा कोड मालाचा आहे की आपल्यासाठीचा हुकूम, हे त्याला कळतं कसं?

उत्तर कोड १२८ या लिपीत आहे. १९८१ साली आलेल्या या लिपीत संगणकाची मूळ १२८ अक्षरं लिहिता येतात, आणि त्यांखेरीज काही मुकी चिन्हंही आहेत, जी कुठलंच अक्षर दाखवत नाहीत. त्यातलं एक ‘एफएनसी ३’. प्रमाणकानं त्याचा अर्थ ठरवून दिला आहे: हा मजकूर वाचणाऱ्या यंत्रासाठी आहे, पुढे पाठवू नये. बऱ्याच कंपन्या आपले सेटिंगचे कोड याच चिन्हाच्या आधारानं छापतात. म्हणून असा कोड वाचला की पडद्यावर काहीच उमटत नाही, फक्त बीपचा सूर बदलतो. काही स्कॅनर आधी ‘सेटिंग सुरू’चा कोड मागतात, मग हवा तो पर्याय, शेवटी ‘सेटिंग बंद’. आकडा द्यायचा असेल तर पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर ० ते ९ चे कोड असतात. १४ हवे असतील तर आधी १ वाचायचा, मग ४.

इथे एक सल्ला, अनुभवाच्या किमतीचा. पानावर दोन कोड जवळजवळ असतील तर नको असलेल्यावर हात ठेवा. मी एकदा ‘शेवटी एंटर जोडा’ वाचायला गेलो आणि शेजारचा ‘ट्रिगरशिवाय सतत वाचन’ लागला. काय झालं ते कळेपर्यंत स्कॅनर टेबलावर ठेवला, नेमका उघड्या पुस्तिकेकडे तोंड करून. पुढचं अर्धं मिनिट तो स्वतःच स्वतःची सेटिंग्ज वाचत आणि बदलत बसला होता, दर वेळी आनंदानं बीप करत. शेवटी वायर उपटली. अशा वेळी उपयोगी पडतो तो ‘फॅक्टरी डीफॉल्ट’चा कोड, बहुधा पहिल्या एक-दोन पानांत असतो. तो, आणि त्याच्याखाली आपल्याला लागणारे तीन-चार कोड क्रमानं, मोकळी जागा सोडून एका कागदावर छापून ठेवावेत. पुस्तिका हरवली तरी मग चालतं.

वाचनाच्या बाबतीत स्कॅनरवर भरवसा ठेवायला हरकत नाही. हे काम माणसानं फार आधी आणि फार चांगलं सोडवलं आहे. नॉर्मन वुडलँडला ही कल्पना मायामीच्या किनाऱ्यावर सुचली. वाळूत मोर्सचे ठिपके आणि रेघा काढून त्यानं त्या बोटांनी खाली ओढल्या, आणि जाड-बारीक पट्ट्या तयार झाल्या. त्यानं आणि बर्नार्ड सिल्व्हरनं १९४९ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९५२ मध्ये पेटंट मिळालं. त्यांच्या पहिल्या यंत्रात ५०० वॅटचा दिवा होता. सोयीचा प्रकाश म्हणजे लेझर, तो १९६० मध्ये आला, आणि दुकानाच्या काउंटरवर पहिला बारकोड वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावी, च्युइंग गमच्या पुडक्यावर.

त्या पुडक्यावरच्या लिपीचीच धाकटी बहीण आज जगभर दिसते, ईएएन-१३. तिचा एक अंक जवळून पाहू. प्रत्येक अंकाला सात सारख्या रुंदीची घरं मिळतात. डाव्या अर्ध्यात ५ हा अंक ०११०००१ असा लिहिता येतो: एक घर पांढरं, दोन काळी, तीन पांढरी, एक काळं. उजव्या अर्ध्यात तोच ५ बरोब्बर उलटा होतो, १००१११०. काळी घरं मोजा: पहिल्यात तीन, दुसऱ्यात चार. डाव्या अर्ध्यातल्या पहिल्या अंकात काळ्या घरांची संख्या नेहमी विषम असते आणि उजव्या अर्ध्यातल्या प्रत्येक अंकात सम. त्यामुळे डबा उलटा धरला तरी स्कॅनरला डोकं कुठलं, पाय कुठले, ते कळतं. डावीकडे सहा, उजवीकडे सहा, असे बाराच अंक पट्ट्यांत असतात. तेरांपैकी उरलेला, म्हणजे सगळ्यात पहिला, पट्ट्यांत कुठेच नसतो! डावीकडच्या सहांपैकी कुठले सम आणि कुठले विषम लिहिले, त्या नक्षीवरून तो ओळखायचा. ही युक्ती मला अजूनही फार आवडते.

वर शेवटचा अंक पहारेकरी असतो. १२३४५६७८९०१२ हा आकडा घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवा: २६. उरलेल्यांची बेरीज २२, तिची तिप्पट ६६. एकूण ९२. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे १००ला, कमी पडतात ८, म्हणून तेरावा अंक ८. स्कॅनर हा हिशेब दर वेळी करतो आणि जमला तरच बीप वाजवतो.

पण त्या बीपचा अर्थ ‘मला कळलं’ एवढाच. संगणकाला काय कळलं, याची तिला बहुधा गंधवार्ता नसते. बहुतेक घोळ याच दोन पावलांच्या अंतरात होतात.

कारण स्कॅनर संगणकाशी बोलतो तो स्वतःची ओळख लपवून. पूर्वी कीबोर्डची वायर काढून मध्ये स्कॅनरची दुतोंडी वायर जोडत, पाचर ठोकावी तशी. त्यावरून या पद्धतीला ‘कीबोर्ड वेज’ म्हणतात. आता यूएसबी आहे, पण सोंग तेच. वायर खोचली की स्कॅनर सांगतो, ‘मी कीबोर्ड आहे’, आणि संगणक विश्वास ठेवतो. म्हणून तर ड्रायव्हर लागत नाही आणि कुठल्याही प्रोग्रॅममध्ये तो चालतो. पण कीबोर्ड अक्षरं पाठवतच नाही. तो पाठवतो कळीचा क्रमांक. त्या कळीवर कुठलं अक्षर आहे, हे संगणक आपल्या निवडलेल्या भाषेप्रमाणे ठरवतो.

मराठी टाइप करणाऱ्यांना याचा प्रसाद लवकर मिळतो. समजा लेबलवर रोमन के, एल, एम ही तीन मोठी अक्षरं आहेत. स्कॅनर ती अचूक वाचतो, बीप वाजवतो आणि संगणकाला सांगतो: शिफ्ट धरून १४ नंबरची कळ, मग १५, मग १६. आपण नुकतंच एक पत्र टाइप केलेलं असतं आणि कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर राहिलेला असतो. पडद्यावर उमटतं: खथश. यात कोणीच चुकलेलं नाही. फ्रेंच मांडणीत तर आकड्यांच्या कळा शिफ्ट न धरता दाबल्या की आकडेच येत नाहीत, १ च्या जागी ॲम्परसँड येतो. जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांची अदलाबदल होते. कॅप्स लॉक चालू राहिला तर लहानाचं मोठं आणि मोठ्याचं लहान.

उपाय तीन. पहिला साधा: स्कॅन करण्याआधी भाषा इंग्रजीवर आणायची, आणि कोणीतरी ती बदलणारच हे धरून चालायचं. दुसरा, पुस्तिकेतल्या देशांच्या यादीतून आपली मांडणी निवडायची. फ्रेंच, जर्मन तिथे सापडतात, देवनागरी मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही. किंवा विंडोजसाठी ऑल्ट पद्धत निवडायची, ज्यात स्कॅनर ऑल्ट धरून प्रत्येक अक्षराचा आकडी संकेत न्यूमरिक पॅडवर दाबल्याचं नाटक करतो. हळू आहे, पण मांडणी कुठलीही असो, अक्षर तेच येतं. तिसरा उपाय सगळ्यात पक्का: कीबोर्डचं सोंगच सोडायचं आणि ‘व्हर्च्युअल कॉम पोर्ट’ हे सेटिंग लावायचं. मग कळा नव्हे, खरी अक्षरंच जातात. अट अशी की समोरच्या प्रोग्रॅमला त्या पोर्टवर कान ठेवता आला पाहिजे.

आकड्याच्या शेवटी काय पाठवायचं, एंटर की टॅब, हे प्रोग्रॅम बघून ठरवावं. फॉर्ममध्ये पुढच्या चौकटीत जायचं तर टॅब, यादीत खाली सरकायचं तर एंटर. कधीकधी आकडे मधूनच गळतात, तेरातले अकराच पोचतात. ते दुसऱ्या शहरातल्या संगणकावर रिमोटनं काम करताना जास्त दिसतं: स्कॅनर माणसापेक्षा कैक पट वेगानं ‘टाइप’ करतो आणि पलीकडचा दमतो. दोन अक्षरांमध्ये काही मिलिसेकंद थांबायला सांगणारा कोड पुस्तिकेत असतो.

शून्याची तक्रार मात्र स्कॅनरवर ढकलू नये, निदान प्रत्येक वेळी. अमेरिकेतला बारा अंकी यूपीसी म्हणजे पुढे शून्य असलेला ईएएन-१३च. तो शून्य पाठवायचा की नाही, हे सेटिंग आहे. शेवटचा पहारेकरी अंक पाठवायचा की गाळायचा, हेही. डेटाबेसमध्ये तेरा अंक आणि स्कॅनर पाठवतोय बारा, मग वस्तू सापडणार कशी? पण एक्सेलमध्ये शून्य गायब होत असेल तर तो एक्सेलचा गुण आहे. त्याला ती संख्या वाटते. तेरा अंकांचं तो १.२३४५७ई+१२ असं काहीतरी करून दाखवतो. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा.

एका ठिकाणी मात्र स्कॅनर चुकीचं वाचून खुशाल बीप वाजवू शकतो. मोठ्या खोक्यांवर ‘इंटरलीव्हड २ ऑफ ५’ नावाची लिपी असते. तिच्या आरंभाच्या आणि शेवटाच्या खुणा इतक्या साध्या आहेत की लेझरची रेघ तिरकी पडून कोडच्या वरच्या कडेनं बाहेर गेली, तर मधलीच पट्टी शेवटाची खूण वाटते. चौदा अंकांचा कोड मग आठ अंकांचा म्हणून पोचतो. त्या कोडच्या वर-खाली जाड काळी पट्टी छापतात ती यासाठीच: तिरकी रेघ त्या पट्टीवर आपटते आणि वाचन फसतं. फसलेलं वाचन अर्धवट वाचनापेक्षा बरं. स्कॅनरमध्येही ‘या लिपीचे १४ अंकीच कोड घे’ असं सांगता येतं, आणि ते सांगावंच. जी लिपी आपल्याकडे येतच नाही ती सरळ बंद करावी.

आणि जर स्कॅनर वाचतच नसेल, बीपच नसेल, तर सेटिंग शोधत बसण्याआधी लेबलकडे बघा. ईएएन-१३ला डावीकडे अकरा घरांची आणि उजवीकडे सात घरांची कोरी जागा लागते. चौकट काढायच्या हौसेपायी ती सर्रास खाल्ली जाते. लेझर लाल असतो, त्यामुळे पांढऱ्यावर लाल पट्ट्या छापल्या तर त्याला पांढऱ्यावर पांढरं दिसतं. चकचकीत लेबलसमोर स्कॅनर काटकोनात न धरता थोडा कलता धरावा. मोबाइलच्या पडद्यावरचा कोड लेझरला सहसा जमत नाही, कारण पडद्यावरून परतणाऱ्या लेझरमध्ये काळं-पांढरं फारसं उरत नाही. तिथे कॅमेऱ्यानं फोटो घेऊन वाचणारा, म्हणजे इमेजर, हवा. क्यूआरलाही तोच लागतो.

इमेजर आला की औषधांच्या खोक्यांवरचे चौकोनी डेटामॅट्रिक्स कोडही आले, आणि त्यांच्याबरोबर एक अदृश्य अक्षर. वस्तूचा क्रमांक, बॅच, मुदत हे सगळं एकाच कोडात सलग असतं. बॅचची लांबी ठरलेली नसते, म्हणून तिच्यानंतर आणखी काही येणार असेल तर मध्ये ‘ग्रुप सेपरेटर’ हे २९ क्रमांकाचं अक्षर येतं. त्यासाठी कीबोर्डवर स्वतंत्र कळच नाही. कीबोर्डचं सोंग घेतलेला स्कॅनर ते गिळून टाकतो, नाहीतर कंट्रोल आणि चौकटी कंस दाबल्यासारखं करतो. गिळलं, की बॅच आणि पुढचा मजकूर एकमेकांना चिकटतात. या जागी एखादं दिसणारं चिन्ह पाठवायला सांगता येतं, फक्त प्रोग्रॅमवाल्याला तसं कळवावं लागतं.

कंट्रोलची कळ दाबता येणारा कीबोर्ड कागदाच्या तुकड्यावरून चालवता येतो, हा विचार आणखीही कोणाला सुचणारच. २०१५ मध्ये चिनी सुरक्षा संशोधकांनी ‘बॅडबारकोड’ या नावानं तेच करून दाखवलं. कोड १२८ मध्ये नियंत्रण-अक्षरं लिहिता येतात, स्कॅनर ती शॉर्टकट म्हणून पुढे ढकलतो आणि समोरच्या संगणकावर खिडक्या उघडायला लागतात. ज्या स्कॅनरसमोर अनोळखी माणूस स्वतःचा कोड धरू शकतो, तिथे नियंत्रण-अक्षरं बंद करावीत. आणि सगळं मनासारखं लागलं की सेटिंगचे कोडच वाचू नकोस, असंही बऱ्याच स्कॅनरना सांगता येतं. तो कुलूप लावणारा कोड आणि ते उघडणारा कोड पुस्तिकेत बहुधा शेजारीशेजारीच छापलेले असतात. एकावर हात ठेवा.