शाळा सुधारणा समितीची निवडणूक : सीमाभागातल्या मराठी शाळांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या सरकारी मराठी शाळांत शाळा सुधारणा समिती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एसडीएमसी, नव्यानं निवडायची वेळ आली की गावात चार दिवस कुजबुज होते आणि विषय मिटतो. ग्रामपंचायतीला लागतो त्याच्या पासंगालाही पुरणारा जोर इथं लागत नाही. याचं वाईट वाटतं, कारण मराठी शाळेबद्दल बोलण्याचा कायदेशीर हक्क पालकाला थेट मिळतो तो याच समितीत. आणि तो सहज मिळालेला नाही.

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगानं प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवाव्यात असं सुचवलं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, स्कूल बोर्डाकडे गेला, १९४७ च्या कायद्यानं जिल्हा स्कूल बोर्डांची नवी घडी बसवली. शिक्षणाचा कारभार जिल्ह्यातच चाले, ही मोठी गोष्ट होती. पण बोर्डावरचे सभासद मुख्यतः लोकल बोर्डातून निवडले जात. शाळेत मूल आहे म्हणून आईबापाला मत, असं काही नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. सीमालढ्याचा पुढचा इतिहास, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. शाळेचं काय झालं यावर मात्र कमी बोललं जातं. १९६१ मध्ये म्हैसूरचा स्वतःचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला आणि हळूहळू निर्णयाची जागा गावापासून दूर सरकली. मराठी शाळेच्या पालकासाठी हे अंतर दुहेरी होतं. कचेरी लांब, आणि तिथला कागद कन्नडमध्ये.

त्याच १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं ते सांगतं. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की शाळेत अशी ४० किंवा एका वर्गात १० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. पटसंख्या घसरली की आपल्या पालकसभेत जी घालमेल होते, तिच्या मुळाशी हाच हिशेब आहे. मूल इंग्रजी शाळेत गेलं की एका घराचा निर्णय होतो, पण मास्तरांची जागा सगळ्या गावाची धोक्यात येते.

पालकाला खरं स्थान मिळालं ते २००१ मध्ये. डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण कृतिदलाच्या शिफारशींनंतर कर्नाटक सरकारनं शाळाशाळांत एसडीएमसी नेमायचा आदेश काढला. मग शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, आलेल्या अनुदानाचा खर्च तपासणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं ही कामं कायद्यानंच दिली आहेत. आराखड्यात शिक्षक किती हवेत याचा हिशेब येतो. म्हणून मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

प्रत्यक्षात निवड कशी होते? पालकसभा बोलावतात, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी पडते, मुख्याध्यापक फळ्यावर नावं लिहितात. बहुतेक ठिकाणी गावची वडीलधारी मंडळी ‘बिनविरोध करूया’ म्हणतात आणि हात वर होतात. भांडण टळतं हे खरं, पण उभं राहायची इच्छा असलेली एखादी आई त्यात गप्प बसते. निम्म्या जागा बायकांच्या असल्या, तरी सहीपुरतं नाव आणि बैठकीला नवरा, हा प्रकार थांबायलाच हवा. माध्यान्ह आहाराचा तांदूळ कसा आहे, मुलींच्या शौचालयात पाणी येतं का, हे आईला आधी कळतं.

उभं राहायला पक्ष लागत नाही, पैसाही लागत नाही. आपलं मूल त्या शाळेत शिकत असलं पाहिजे, एवढीच मुख्य अट. मूल शाळा सोडून गेलं की सभासदत्वही जातं. म्हणून सातवीतल्या मुलाच्या वडिलांपेक्षा दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या आईवडिलांनी पुढं यावं. त्यांना कामाला वेळ मिळतो. निवडून आल्यावर पहिल्याच बैठकीत मागच्या वर्षाचा आराखडा मागून घ्यावा, अनुदानाचा जमाखर्च पाहावा, आणि मराठी शिक्षकाची जागा रिकामी असेल तर तसा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. पोच घ्यायला विसरू नये.