बेदाण्याची आंबटगोड चटणी : आधी पाणी, मग चिंच, शेवटी गूळ
(बेदाण्याच्या पाकिटासोबत ग्राहकांसाठी माहितीपत्रक, तासगाव)

चटणीसाठी बेदाणा नेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. चव जमते, पण बेदाणा दाताखाली चिवट लागतो. अशा वेळी बहुतेकांना बेदाण्याचाच संशय येतो. बेदाणा जुना असेल तर थोडा फरक पडतो हे खरे, पण खरी चूक बहुतेक वेळा जिन्नस घालण्याच्या क्रमात असते.

बेदाण्यात पाणी जेमतेम पंधरा टक्के आणि साखर निम्म्याहून बरीच जास्त. साध्या गरम पाण्यात टाकला की तो पाणी ओढतो आणि टम्म फुगतो. तोच बेदाणा गुळाच्या पाकात टाकला, तर बाहेरची साखर पाणी धरून ठेवते आणि आत काही शिरत नाही. चिंचेचेही तसेच. डाळ शिजायच्या आधी आमटीत चिंच पडली की डाळ शिजता शिजत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असते. आंबटात बेदाण्याची सालही तशीच ताठ राहते. म्हणून बेदाणा आधी नुसत्या पाण्यात पूर्ण मऊ करायचा, मग चिंच, आणि गूळ सर्वांत शेवटी. बाकी प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते, हा क्रम मात्र मोडू नका.

कोणता बेदाणा घ्यावा

चटणीसाठी लांब, हिरवा, एकसारखा, महागातला बेदाणा घेऊ नका. तो ताटात दिसायला आणि तोंडात टाकायला चांगला. कढईत त्याचा रंगही राहत नाही, आकारही राहत नाही. चटणीला लहान, गोल, दोन नंबरचा बेदाणा उत्तम. गोडी तीच, दर कमी. ५०० ग्रॅममध्ये १०० ग्रॅम काळा बेदाणा मिसळला तर रंग गडद येतो आणि चवीला भार येतो. नुसता काळा घेतला तर चटणी जड होते.

पिवळ्या बेदाण्याचा सोनेरी रंग गंधकाच्या धुरीने टिकवलेला असतो. घरात कोणाला दमा असेल किंवा गंधकाचे पदार्थ सोसत नसतील, तर धुरी न दिलेला बेदाणा मागून घ्या. चटणीत रंग कसाही झाकलाच जातो, त्यामुळे काहीच बिघडत नाही.

बेदाण्यावर पांढरट खर दिसली की लोक बुरशी समजून पाकीट परत आणतात. दोन बेदाणे चिमटीत घेऊन चोळून बघा. कण रवाळ, कडक लागले आणि कोमट पाण्यात दोन मिनिटांत विरघळले, तर ती आतली साखर वर येऊन जमलेली आहे, बेदाणा बिनधास्त वापरा. बुरशी कापसासारखी मऊ असते, चोळली की पसरते आणि कुबट वास येतो. असा बेदाणा धुऊनही वापरायचा नाही.

साहित्य

बेदाणा ५०० ग्रॅम, बिया आणि शिरा काढलेली चिंच १०० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, किसलेले आले ४० ग्रॅम, लाल तिखट १५ ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, काळे मीठ ५ ग्रॅम, जिरे १० ग्रॅम, बडीशेप ५ ग्रॅम. पाणी बेदाण्यासाठी ५०० मिली आणि चिंचेसाठी ३०० मिली. एवढ्यात साधारण ११०० ग्रॅम चटणी होते.

गूळ कमी वाटेल, पण गोडी मुळात बेदाण्याची आहे. गूळ फक्त चिंचेची धार बोथट करायला आणि चटणीला चकाकी द्यायला. पेठेत पिवळाधमक गूळ उचलू नका. तपकिरी गुळाची चव इथे जास्त शोभते. तिखटात दोन भाग ब्याडगी आणि एक भाग संकेश्वरी घ्या. नुसत्या ब्याडगीने रंग येतो, झणका येत नाही. चिंच बाजारात बरेचदा मीठ लावून ठेवलेली मिळते. जिभेवर ठेवून बघा, खारट लागली तर मीठ २० ऐवजी १५ ग्रॅम. हळद या चटणीत नको. चिंचेच्या रंगात ती मळकट दिसते आणि बेदाण्याच्या चवीवर बसते.

कृती

बेदाणा ताटात पसरून देठ, काड्या, खडे निवडा. हे काम चष्मा लावूनच करा. राहिलेला एक देठ घशात टोचतो आणि अख्खी बरणी बदनाम होते. मग कोमट पाण्यात चोळून दोनदा धुवा आणि ती दोन्ही पाणी फेका. द्राक्षे शेडमध्ये रॅकवर टाकण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने सालीवरचे मेण सुटते आणि माल लवकर वाळतो. द्रावणाचा अंश आणि शेडमधली धूळ सालीला राहू शकते, म्हणून धुणे टाळू नका.

धुतलेला बेदाणा ५०० मिली कडक गरम पाण्यात पाऊण तास झाकून ठेवा. त्याच वेळी चिंच ३०० मिली गरम पाण्यात भिजू द्या. बेदाण्याचे हे भिजवणीचे पाणी फेकायचे नाही, त्यात गोडी उतरलेली असते. पाण्यासकट बेदाणा जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घ्या आणि झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटे शिजवा. ॲल्युमिनियम, पितळ, लोखंड नको. चिंच ते खाते, चटणी काळवंडते आणि धातूची चव येते. बिनकल्हईच्या पितळेत तर अजिबात नाही.

एक बेदाणा काढून दोन बोटांत दाबा. साल न फाटता गर पसरला की झाला. मध्ये रबरासारखा गोळा लागला तर अजून पाच मिनिटे. इथे घाई केली तर पुढे काही करता येत नाही, कारण चिंच पडली की साल पुन्हा मऊ होत नाही.

शिजलेल्यातला पाऊण भाग मिक्सरला दोन-तीन झटके देऊन भरड करा. पाव भाग अख्खा ठेवा. सगळा वाटला तर चटणीचा जॅम होतो. पाटा असेल तर फारच छान, भरड हवी तशी हाती राहते.

आता चिंचेचा कोळ चाळणीतून गाळून त्यात घाला, आले घाला आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे उकळा. कच्च्या चिंचेचा वास गेला पाहिजे. मग गूळ, तिखट आणि दोन्ही मिठे. गुळात कचरा वाटत असेल तर तो अर्धी वाटी पाण्यात वितळवून गाळून घ्या. गूळ पडल्यापासून चटणी बुडाला लागते, त्यामुळे उलथने हातातून सोडू नका आणि आच कमी करा. उडणारे थेंब चांगले भाजतात, पातेले उंच घ्या. आणखी १२ ते १५ मिनिटे लागतात. जिरे आणि बडीशेप कोरडी भाजून कुटलेली, उतरवायच्या दोन मिनिटे आधी. आधीपासून उकळत ठेवली की वास उडून जातो.

किती आटवायची, यात बरेचजण फसतात. गरम असताना चटणी योग्य वाटली तर ती जास्त आटली असे समजा, कारण गार होताना ती आणखी दाटते. स्टीलची छोटी ताटली फ्रीजरमध्ये पाच मिनिटे ठेवा. त्यावर अर्धा चमचा चटणी टाका, मिनिटभर थांबा आणि बोटाने मधून रेघ ओढा. रेघ तशीच उघडी राहिली आणि कडेला पाण्याचे कडे सुटले नाही, तर उतरवा. रेघ लगेच मिटली तर अजून तीन-चार मिनिटे.

बरणी

काचेची बरणी आणि झाकण दहा मिनिटे पाण्यात उकळून, उपडे ठेवून पूर्ण कोरडे करा. चटणी गरम असतानाच भरा आणि बरणीही गरम असू द्या, नाहीतर काच तडकते. वर बोटभर जागा सोडा, कडा स्वच्छ पुसून झाकण लावा. गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा. टिकण्याचे बरेचसे काम चिंचेचा आंबटपणा करतो, म्हणून मुलांना आंबट नको म्हणून चिंच निम्मी केली तर एका आठवड्याच्या हिशोबानेच करा. कच्चा लसूण घालून बरणीत भरू नका. लसूण हवाच असेल तर खायच्या वेळी वाटीभर चटणीत मिसळा.

बिघडली तर

पातळ झाली तर पुन्हा आटवता येते. फार घट्ट झाली तर गरम पाणी दोन-दोन चमचे घालून एक उकळी आणा, गार पाणी घालून नुसती ढवळू नका. कडवट लागली तर जिरे जळलेले किंवा गूळ बुडाला लागलेला. करपण्याचा वास आला की ढवळायचे नाही. वरची चटणी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा आणि खालचा थर सोडून द्या. खारट झाली तर ५० ग्रॅम बेदाणा वेगळा शिजवून, वाटून मिसळा. गूळ वाढवून खारटपणा झाकत नाही, उलट दोन्ही चवी भांडत राहतात.

महिन्याभरात रंग थोडा काळपट होतो, ते चालते. पण बुडबुडे दिसले, झाकण फुगले किंवा ताडीसारखा वास आला, तर ती आंबली आहे. वरचा थर काढून खालची खाऊ नका, सगळी टाका. ओला चमचा हे याचे नेहमीचे कारण. दुसरे कारण म्हणजे गार चटणी ओलसर बरणीत भरणे.

कशाबरोबर

ज्वारीची भाकरी, थालीपीठ, धपाटे यांबरोबर अशीच घ्या. भडंगावर चमचाभर टाकून लगेच खा, थांबलात तर भडंग मऊ पडतो. भेळेसाठी दोन चमचे चटणीत तीन चमचे पाणी. मात्र ही खजुराच्या गोड चटणीसारखी गुळगुळीत होत नाही, बेदाणा दाताखाली येतो आणि तो यायलाच हवा. दह्यात कालवली तर उन्हाळ्यात भातासोबत सुरेख लागते.

जर्दाळू घालायचा असेल तर १०० ग्रॅम बेदाणा कमी करून तेवढा जर्दाळू घ्या, पण तो बारीक चिरून चार तास आधी भिजवा. जर्दाळू मुळात आंबट असतो, म्हणून चिंच ८० ग्रॅम पुरे. अंजीर घातले तर बियांची कचकच येते, काहींना ती आवडते.

पाकिटात उरलेला बेदाणा हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. विशेषतः पावसाळ्यात बाहेर ठेवला तर तो दमट होतो, एकमेकांना चिकटतो आणि त्यात अळी पडते. चिकटलेला असेल तर ओढून तोडू नका, कोमट पाण्यात सोडा, आपोआप सुटा होतो.