साखळीची कोस्टर, लाँचची कोस्टर आणि ‘ब्रेक फेल’ची अफवा

रोलर कोस्टरची गाडी चढाच्या अर्ध्यावरून मागे घसरत येते आहे, अशी एखादी चित्रफीत अधूनमधून मोबाइलवर फिरू लागते आणि तिच्याखाली ‘ब्रेक फेल, थोडक्यात बचावले’ असा मजकूर हमखास असतो. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच प्रकारची कोस्टर असते: साखळीने चढणारी. त्या कोस्टरवर गाडी अशी मागे आली असती, तर ती खरोखरच गंभीर घटना ठरली असती. परंतु चित्रफितीतली कोस्टर बहुधा लाँचची, म्हणजे झटक्यात वेग देऊन सोडली जाणारी, असते, आणि लाँचच्या कोस्टरवर गाडी मागे येणे हे आराखडा काढतानाच गृहीत धरलेले असते. या दोन यंत्रांची गल्लत इतक्या वेळा वाचावी लागते की त्यांतला फरक एकदा सविस्तर मांडलेला बरा.

साखळीची कोस्टर बहुतेकांच्या परिचयाची आहे. खोपोलीजवळ 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकातली नायट्रो याच जातीची. स्थानकात पायांखालची जमीन बाजूला सरकते, गाडी साखळीला अडकून पहिल्या मोठ्या चढावर सावकाश ओढली जाते, माथ्यावर साखळी सुटते आणि तिथून पुढे शेवटच्या ब्रेकपर्यंत कोणतीही मोटर गाडीला ओढत नाही. गाडीला स्वतःचे इंजिन नसते. पुढचे सगळे चढउतार आणि सगळ्या कोलांट्या त्या पहिल्या चढावर साठवलेल्या उंचीतून फेडल्या जातात. इतके सांगून हा भाग आवरता येतो.

लाँचच्या कोस्टरमध्ये ही उंची साठवण्याची पायरीच नसते. इमॅजिकातच बंद दालनाच्या अंधारात धावणारी डीप स्पेस अशी आहे. गाडी सपाट रुळावर उभी असते आणि गलोलीतून सुटलेल्या खड्याप्रमाणे काही क्षणांत पूर्ण वेगाला पोहोचते. हा वेग देण्याच्या पद्धती अनेक आहेत. सध्या चुंबकी पद्धत जास्त चालते: रुळालगत विद्युतचुंबकांची रांग असते आणि गाडी पुढे सरकेल तसतसे ते क्रमाने कार्यान्वित होऊन तिला ढकलतात. तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक पद्धतही आहे. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधली फॉर्म्युला रोसा तिच्याच जोरावर ताशी 240 किलोमीटरपर्यंत जाते आणि म्हणून तिथे बसणाऱ्यांना डोळ्यांवर गॉगल चढवावे लागतात. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोची हल्क कोस्टर रबरी चाकांच्या रांगेने चढावरच गाडी भिरकावते, म्हणून चढ दिसला की साखळी असणारच, हा समजही सोडावा. उलट बाजूने वंडरला या मनोरंजन उद्यानातल्या रिकॉइलला लोक सर्रास लाँच म्हणतात, कारण ती गाडीला पाठमोरी ओढून सोडते. पण तिथेही गाडी उंचावर नेऊनच सोडली जाते, तेव्हा तिची जात साखळीवालीचीच.

वेग, उंची आणि कोलांट्यांची संख्या या फरकांवर लोक फार वेळ घालवतात. दोन्ही प्रकारांत मंद गाड्या आहेत, वेगवान गाड्या आहेत, कोलांट्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्याही आहेत. लाँच म्हणजे जास्त धोका, हे तर माझ्या मते निव्वळ आवाजाला घाबरून काढलेले अनुमान आहे.

खरा फरक वेगळाच आहे, आणि तो असा: माथा ओलांडण्याइतकी ऊर्जा गाडीजवळ आहे की नाही, याची खात्री साखळीच्या कोस्टरमध्ये पहिल्या उताराआधीच झालेली असते. साखळी गाडीला प्रत्यक्ष माथ्यावर नेऊन सोडते, त्यामुळे त्या माथ्यापुरता प्रश्नच उरत नाही. लाँचमध्ये ऊर्जा आधी दिली जाते आणि माथा नंतर येतो. दिलेली ऊर्जा पुरली की नाही, हे गाडी चढू लागल्यावरच कळते.

हिशेब करून पाहिला म्हणजे यातला ताण लक्षात येतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये 2005 साली सुरू झालेल्या किंग्डा का या कोस्टरचा माथा 139 मीटर उंच होता. घर्षण आणि हवेचा विरोध शून्य धरला तरी तेवढ्या उंचीवर पोहोचायला गाडीला पायथ्याशी ताशी सुमारे 188 किलोमीटरचा वेग लागतो. प्रत्यक्षात लाँच तिला ताशी 206 किलोमीटरपर्यंत नेत असे. ऊर्जेच्या भाषेत ही गरजेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी शिल्लक झाली, आणि तिच्यातूनच चाकांचे घर्षण, हवेचा विरोध आणि समोरून येणारा वारा हे सगळे भागवायचे होते. शिल्लक भरपूर वाढवावी, तर गाडी माथ्यावरून इतक्या जोरात जाईल की प्रवासी आसनातून उचलले जाऊन सगळा भार मांडीवरच्या दांड्यावर येईल. म्हणून ती बेताचीच ठेवतात. मग एखाद्या दिवशी वारा समोरून आला, चाके थंड असली किंवा लाँचचा जोर किंचित कमी पडला, की गाडी माथ्याच्या अलीकडे थबकते आणि आल्या वाटेने परत येते.

आता ही परत येणारी गाडी थांबते कशी, ते पाहावे. लाँचच्या रुळावर ओळीने धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. गाडी सुटण्याआधी त्या खाली दबतात आणि गाडी पुढे गेली की पुन्हा वर येतात. गाडीच्या तळाशी असलेले चुंबक या पट्ट्यांमधून वेगाने गेले म्हणजे पट्ट्यांत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो प्रवाह गाडीच्या गतीला विरोध करतो. या ब्रेकला वीज लागत नाही, त्यात काही घासत नाही, आणि गाडी जितकी वेगात येईल तितका विरोध वाढतो. कर्मचाऱ्यांनी बटण दाबण्याची वाट तो पाहत नाही. तेव्हा ज्या चित्रफितीत गाडी मागे येऊन लाँचच्या रुळावर सावकाश विसावते, त्या चित्रफितीत ब्रेक फेल झालेला नसून ब्रेकच काम करताना दिसत असतो. त्यानंतर गाडी मूळ जागी घेतात, तपासणी होते आणि बहुधा त्याच प्रवाशांना पुन्हा सोडले जाते.

यावर नेहमीचा प्रश्न असा असतो की साखळीच्या चढावर जसा मागे न येऊ देणारा खटका असतो, तसा इथे का बसवत नाहीत. साखळीच्या चढावर ऐकू येणारी खटखट त्या खटक्याचीच असते. गाडीखालचे लोखंडी दाते रुळाशेजारच्या पायऱ्यांवरून एकामागून एक पडत जातात, म्हणजे साखळी तुटलीच तरी गाडी विताभराहून जास्त घसरू नये. (हा आवाज ऐकून ‘मशीन जुनं झालंय’ म्हणणारे लोक रांगेत नेहमी भेटतात. आवाज सुरक्षेचाच आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.) हेच दाते लाँचच्या उभ्या चढावर बसवले आणि गाडी माथ्याच्या जरा अलीकडे अडकली, तर तिला पुढे न्यायला तिथे साखळी नाही, मोटर नाही, आणि जवळजवळ सरळ उभ्या रुळावर, शंभर मीटरहून अधिक उंचीवर, पाठीवर टेकलेल्या प्रवाशांना उतरवणे महाकठीण. त्या अवस्थेत गाडी मागे येऊ देणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. एकात मागे येणे रोखणे ही सुरक्षा आहे आणि दुसऱ्यात मागे येऊ देणे ही सुरक्षा आहे. सगळा गोंधळ इथे होतो.

अमेरिकेतल्याच ओहायोमधल्या सीडर पॉइंट या उद्यानाने तर या गोष्टीचेच आकर्षण केले. तिथल्या टॉप थ्रिल ड्रॅगस्टरवर 2003 पासून गाड्या अधूनमधून मागे येत. 2024 मध्ये तीच कोस्टर नव्या रूपात सुरू झाली, तेव्हा पहिल्या लाँचला गाडी माथ्यापर्यंत पोहोचू नये असाच आराखडा केला गेला: ती मागे येते, पाठीमागे उभारलेल्या दुसऱ्या मनोऱ्यावर पाठमोरी चढते आणि तिथून पुन्हा पुढे येऊन माथा ओलांडते. एकेकाळी ज्याला लोक बिघाड म्हणत, त्याच्यासाठी आता ते रांग लावतात.

साखळीच्या चढावर मधेच गाडी थांबली तरी घाबरण्याचे कारण नसते, परंतु तिथे थांबण्यामागचे कारण निराळे असते. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असावी असा नियम संगणक पाळतो. पुढची गाडी वेळेत बाहेर पडली नाही, तर मागची चढावरच थांबवली जाते, कारण तिथे ती हवी तेव्हा थांबवता येते आणि पुन्हा ओढता येते. फार वेळ लागला तर चढालगतच्या जिन्यावरून लोकांना खाली आणतात. लाँचच्या गाडीला हे थांबणे सुटण्याआधीच करावे लागते, म्हणून तिथे सगळे बसून, दांडे लागून, तरीही काही सेकंद काहीच घडत नाही. पुढचा भाग मोकळा झाल्याची खूण त्या वेळात तपासली जाते. ‘ऑपरेटर मुद्दाम ताणतोय’ हे त्यातले फार थोडे असते.

बसण्याच्या जागेबाबत मात्र माझे मत ठाम आहे आणि ते या फरकातूनच आलेले आहे. साखळीच्या कोस्टरवर शेवटची रांग घ्यावी. पुढचे डबे माथ्यावरून हळूच ओणवे होतात. शेवटचा डबा माथ्यावर येतो तेव्हा पुढच्यांच्या वजनाने गाडीने वेग पकडलेला असतो आणि तो डबा अक्षरशः ओढून खाली टाकला जातो. लाँचवर पहिली रांग घ्यावी, कारण तिथे ढकलणे सर्व डब्यांना एकाच वेळी आणि सारखेच जाणवते, आणि समोरचा मोकळा रूळ व अंगावर येणारा वारा फक्त पहिल्या रांगेच्या वाट्याला येतो.